माफी खरी, सही नाही

नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात क्लेमेंटीनचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग एखादी गोष्ट सांगतात. ती बहुधा माफीची असते. चर्चमध्ये मिस्साला चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसली म्हणून तिने बाहेर येऊन माफी मागितली. शेजारच्या कुत्र्यावर उगाच ओरडली म्हणून मालकाकडे माफी मागायला गेली, मालक घरी नव्हता तेव्हा कुत्र्याचीच मागून आली. ही शेवटची गोष्ट खरी नाही. पण क्लेमेंटीनसमोर कुणी सांगितली तर तीही हसते आणि म्हणते, मागायला हवी होती खरी.

ही बाई जन्मापासून मवाळ असणार, असं नवख्या माणसाला वाटतं. जुन्या माणसांना वेगळी क्लेमेंटीन ठाऊक आहे. तिचा जन्म पाचूबंदरचा. आई कार्मिन धक्क्यावर मासळीच्या लिलावात उभी राहायची, आणि तिचा आवाज एका होडीवरून तिसऱ्या होडीवर ऐकू जायचा. लेकीने आवाजही उचलला आणि जीभही. बाविसाव्या वर्षी ती पास्कलशी लग्न करून गासला आली. पास्कल एका कारखान्यात फिटर होता, घरची केळीची आणि मोगऱ्याची वाडी होती. वाडीवाल्यांच्या घरात मासळीवालीची पोर सून म्हणून आली, हे पुष्कळांना रुचलं नव्हतं. ती पाण्याला ‘पानी’ म्हणायची, त्यावर जावा-नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या. क्लेमेंटीन एकाला दोन परत द्यायची. पहिली काही वर्षं तर ती विहिरीवर गेली की बाकीच्या बायकांना घरी काहीतरी काम आठवायचं.

पुढे उलट उत्तरं थांबली, ‘पानी’ मात्र थांबलं नाही. आजही ती पानीच म्हणते.

उत्तरं थांबली ती एका शेळीमुळे. तिची मुलगी शॅनन तेव्हा नऊ वर्षांची होती. मोगऱ्याची नुकतीच लावलेली कलमं कुणीतरी तुडवली होती. क्लेमेंटीनने काही न विचारता शॅननच्या पाठीत पळी घातली. पोरगी सांगत राहिली की मी नाही, मी नाही, तर खोटं बोलतेस म्हणून आणखी एक घातली. संध्याकाळी कलमांत शेळी सापडली. त्या आठवड्यात पापनिवेदनाला गेल्यावर तिने हेही सांगितलं. तिला वाटलं होतं, दहा वेळा नमो मारिया म्हणायला सांगतील आणि सुटका होईल. पण आतला म्हातारा फादर म्हणाला, प्रार्थना राहू दे, घरी जा आणि त्या पोरीची माफी माग.

क्लेमेंटीनला तो घरापर्यंतचा रस्ता आजही आठवतो. नवऱ्याची, सासूची, कुणाचीही माफी मागणं तिला जमलं असतं. पण नऊ वर्षांच्या पोरीपुढे, तीही आपलीच. तिने अंगणात शॅननला बोलावलं आणि उकिडवी बसली, म्हणजे तोंड तोंडासमोर आलं. माझं चुकलं, म्हणाली. शॅननने थोडा विचार केला आणि विचारलं, शेळीला पण मारलंस का? नाही म्हटल्यावर ती खेळायला पळाली.

गोष्ट एवढीच. पण क्लेमेंटीनला त्या दिवशी एक शोध लागला. तोंड खाली करून खरं बोललं की नंतर मान फार सरळ राहते. जो आपली चूक आपणच सांगून मोकळा झाला, त्याला दुसरा कशाची भीती घालणार? तेव्हापासून तिने ही सवय लावून घेतली. सहज लागली नाही. जीभ सुटायचीच, मग ती मागे जाऊन तो शब्द उचलून आणायची. दरवर्षी उपवासकाळात तर ती यादीच करायची, आणि ईस्टरच्या आत घरोघर जाऊन ज्याच्याशी वाकडं झालं असेल त्याची माफी मागून यायची. लोकांना त्याची इतकी सवय झाली की पवित्र आठवड्यात ती फाटकाशी दिसली की आतून आवाज यायचा, “ये गं, यंदा आमचं काय चुकवलंस?”

नम्र माणूस म्हणजे हलवता येणारा माणूस, असा एक समज असतो. तुळिंजच्या बाजारात तो एकाने करून घेतला होता. क्लेमेंटीन आठवड्यातून दोनदा तिथे अळू, केळफुलं आणि मोगरा घेऊन बसते. एका वर्षी संग्राम नावाचा एक दांडगा माणूस दर बाजाराला येऊन तिला दरडावायला लागला की ही जागा माझ्या माणसाची, ऊठ. क्लेमेंटीन म्हणायची, बरं बाबा, आणि टोपली वीतभर सरकवायची. पुढच्या बाजाराला तो पुन्हा यायचा, ती पुन्हा बरं बाबा म्हणायची आणि वीतभर परत जुन्या बाजूला सरकवायची. मधे त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायची. चार महिन्यांनी संग्रामच कंटाळला. ती अजून तिथेच बसते.

तरीही संग्रामची ही चूक दुसऱ्यांदा झाली, आणि ती घरच्याच माणसाने केली.

पास्कलचा धाकटा भाऊ गॉडफ्रे, त्याचा मुलगा एरॉल. नालासोपाऱ्याला त्याचं फरशांचं दुकान आहे. पोरगा कष्टाळू, बोलायला गोड. पास्कल आणि गॉडफ्रे दोघेही आता नाहीत. दोघांच्या वाड्यांच्या मधोमध एक बावखल आहे. बावखल म्हणजे वाड्यांत पूर्वजांनी खणलेलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, सावकाश जमिनीत मुरतं, आणि त्याच्या जोरावर आसपासच्या विहिरी खाडीचं खारं पाणी आत येऊ देत नाहीत. या एका बावखलावर पाच घरांच्या विहिरी आहेत. सातबाऱ्यावर मात्र नावं दोनच, क्लेमेंटीनचं आणि एरॉलचं.

पूर्वी दर उन्हाळ्यात पाचही घरांतला एकेक माणूस बावखलात उतरायचा आणि गाळ काढायचा. गाळ केळीला घालायचा, मग काठावर बसून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. ज्या घराचा माणूस उतरला नाही, त्या घराला वर्षभर टोमणे. पुढे पोरं नोकऱ्यांना लागली, नळ आले, टँकर आले. एकेक घर यायचं थांबलं. गेली अकरा वर्षं क्लेमेंटीन एकटीच उतरते. सगळा गाळ तिच्याने निघत नाही. जेवढा निघतो तेवढा काढते.

एरॉलला आपल्या वाडीत लग्नांना भाड्याने द्यायला लॉन करायचं होतं. लॉन म्हटलं की गाड्या आल्या, आणि गाड्यांना जागा हवी. ती त्याला बावखलात दिसली. एवढं डबकं बुजवलं की चाळीस गाड्या आरामात. फेब्रुवारीत त्याने पाचही घरांना बोलावलं आणि नकाशा दाखवला. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. क्लेमेंटीन म्हणाली, पानी जाईल. एरॉल हसून इतरांना म्हणाला, “काकीचं एकच पालुपद, पानी पानी. अगं काकी, एवढ्या वर्षांत तुला शब्द नाही बदलता आला, आमचं गाव कसलं बदलू देतेस तू.”

लोक हसले. आणि क्लेमेंटीनची जीभ, इतक्या वर्षांनी, पाचूबंदरच्या धक्क्यावर गेली.

“तू नको मला पानी शिकवू,” ती म्हणाली. “तुझा बाप जाताना पानी मागत होता, तेव्हा तू कुठे होतास?”

एरॉल तेव्हा मस्कतला होता. रजा मिळाली नव्हती. तो पोचला तेव्हा गॉडफ्रेला मातीही दिली गेली होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणी कधी बोललं नव्हतं. एरॉलने नकाशाची गुंडाळी केली. दोनदा केली, कारण पहिल्यांदा ती हातातून सुटली. मग तो निघून गेला.

क्लेमेंटीन घरी आली आणि त्या रात्री जेवली नाही.

यंदाच्या यादीत एकच नाव होतं. शॅनन आता बँकेत असते, बोलायला आईच्या तरुणपणासारखी. तिने सरळ सांगितलं, आत्ता जायचं नाही. बावखल बुजवू देऊ नये म्हणून मी तहसीलला अर्ज दिलाय, त्याचा निकाल लागू दे. आता गेलीस तर तो समजेल तू हरलीस.

“समजू दे.”

“आणि गावात सांगत फिरेल.”

“फिरू दे. मी वाईट बोलले का नाय? बोलले. मग त्याच्यात तहसीलदाराला काय विचारायचं?”

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी दुपारी ती एरॉलच्या घरी गेली. चपला पायरीखाली काढल्या. एरॉलची बायको ज्युली दारातच होती, तिची नजर खाली होती, आणि आत पाऊल टाकताच क्लेमेंटीनला त्याचं कारण कळलं. ती येणार हे एरॉलला ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक असतं. त्याने स्टॅनीला बोलावून ठेवलं होतं. स्टॅनी वाडीतला वडीलधारा माणूस, चर्चच्या समितीवर असतो, भांडणं मिटवायची त्याला हौस. टेबलावर बावखल बुजवायच्या संमतीचा एक छापील कागद होता आणि त्यावर पेन आडवं ठेवलेलं होतं.

क्लेमेंटीनने कागदाकडे पाहिलं. परत फिरावंसं तिला क्षणभर वाटलं. मग ती एरॉलसमोर गेली आणि हात जोडले. वयाने तो तिच्या लेकीएवढा.

“एरॉल, तुझ्या बाबांवरून मी बोलले ते पाप होतं,” ती म्हणाली. “तुला यायचं होतं, येता आलं नाय, हे मला माहीत होतं. माहीत असून बोलले. चारचौघांत बोलले म्हनून आता चारचौघांत सांगते, माझं चुकलं. मला माफ कर.”

 असलं काही ऐकायची एरॉलची तयारी नव्हती, तयारी होती ती पुढच्या वाक्याची. ते त्याने म्हटलं.

“माफ केलं, काकी. आता मनात काही ठेवू नकोस. इथे सही कर आणि मोकळी हो.”

स्टॅनीने घसा साफ केला. समेट करायचा तर पुरा करावा, तो म्हणाला. आजच्या दिवशी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, क्लेमेंटीन. तिथे मी आणि माझं काही राहत नाही. तू तर अशी लीन बाई.

“पाय धुवायला सांग, आत्ता धुते,” क्लेमेंटीन म्हणाली. “ज्युली, तांब्या आन. पन स्टॅनी, प्रभूने पाय धुतले, पेत्राला कागदावर सही करून नाय दिली.”

ज्युलीला हसू आलं, ते तिने पदराआड खोकल्यात घातलं. एरॉलचा चेहरा लाल झाला.

“म्हणजे माफी खोटी.”

“माफी खरी आहे. उद्या परत मागायला सांग, परत मागीन. रोज सांग, रोज मागीन. शब्द माझा होता, तो मी मागे घेतला. पानी माझं एकटीचं नाय, ते मी कसं देऊ? सही नाय करनार.”

हात तिने अजून जोडलेलेच होते. आवाज इतका हळू होता की स्टॅनीला पुढे झुकावं लागलं. तिने दोघांना सणाच्या शुभेच्छा दिल्या, पायरीखाली चपला घातल्या आणि घरी गेली. शॅननने काय झालं विचारलं तेव्हा म्हणाली, माफ केलं त्याने. आणि बावखलाचं? शॅननने विचारलं. ते नाय केलं.

ईस्टर झाल्यावर मंगळवारी सकाळी पहिला डंपर आला. एरॉलने आपल्या बाजूच्या काठावरून बांधकामाची भरणी टाकायला सुरुवात केली, विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, सिमेंटची ढेकळं. दुपारपर्यंत दोन डंपर रिकामे झाले आणि पाण्याचा एक कोपरा दिसेनासा झाला. शॅननने कामावरून फोनावर फोन केले. अर्ज पोचलाय, साहेब पाहणीला येतील, एवढंच उत्तर मिळालं. कधी, ते कुणी सांगत नव्हतं.

क्लेमेंटीनने साडी गुडघ्यापर्यंत खोचली, घमेलं घेतलं आणि पाण्यात उतरली. एप्रिलमध्ये तिथे गुडघाभरच पाणी असतं. तिने पहिलं घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं, काठ चढली आणि कुंपणाजवळ ओतलं. मग दुसरं. अख्ख्या विटा निघाल्या तर बाजूला रचायची, फरशांचे तुकडे वेगळे, माती वेगळी. एका डंपरला किती घमेली, याचा हिशोब करायला बघे होते, तिने तो केला नाही. पहिल्या दिवशी ढीग होता तेवढाच दिसत होता. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी शेजारचा युजीन फावडं घेऊन आला. वय पंचाहत्तर, कंबर धरलेली. अकरा वर्षांत तो एकदाही उतरला नव्हता. क्लेमेंटीन काही बोलायच्या आत तोच म्हणाला की मी तुझ्यासाठी आलेलो नाही, माझ्या विहिरीसाठी आलोय, आणि हे बघ, मला तुझी ती माफीबिफी नको. तो काठावर बसून घमेली भरायला लागला. रविवारी शॅनन उतरली. ती घमेलं आपटायची, एरॉलच्या घराकडे बघत आपटायची. क्लेमेंटीन म्हणाली, राग घमेल्यात भरू नको, उगाच जड होतं.

सोमवारी तिसरा डंपर आला. क्लेमेंटीन नेमकी त्या काठाखाली पाण्यात होती. ती आडवी पडली नाही, हात पसरले नाहीत, ओरडली नाही. तिचं काम तिथे होतं. चालकाने काच खाली करून तिला हटायला सांगितलं. ती म्हणाली, “बेटा, तू तुझं काम कर, मी माझं करते.” तो पाच मिनिटं थांबला, हॉर्न वाजवला, पुन्हा थांबला. क्लेमेंटीन घमेलं भरत होती. शेवटी त्याने एरॉलला फोन लावला. “सेठ, नीचे अम्मा खडी है. मैं नहीं डालूंगा,” म्हणाला आणि गाडी मागे घेऊन गेला.

एरॉल धावतच आला. त्याने युजीनच्या हातातलं फावडं जवळजवळ हिसकावलं आणि काठावर उरलेला ढीग स्वतःच पाण्यात लोटायला लागला. क्लेमेंटीनपासून तीन हातांवर तो पडत होता. तिने वर पाहिलं, घमेलं तिकडे सरकवलं आणि त्याने लोटलेलं भरायला लागली. तो लोटत होता, ती काढत होती. ऊन चढलं. काठावर पाचही घरांची माणसं जमली, पण मधे कुणी पडलं नाही. मधे पडण्यासारखं तिथे काही घडतच नव्हतं, कुणी कुणाला शिवी देत नव्हतं.

एरॉलचे हात फरशा विकणारे, फावड्याचे नव्हते. तासाभरात तळव्यांना फोड आले. तो थांबला, धापा टाकत होता.

“सगळ्या गावापुढे वाकतेस ना काकी,” तो म्हणाला. “मग माझ्यापुढेच का नाही?”

“वाकलेलीच आहे की. बघ.” ती खरंच वाकलेली होती, घमेल्यात विटा भरत होती. “पन हटायला नको सांगू.”

“उद्या दोन डंपर आणतो. माझे स्वतःचे आणतो.”

“आन. उद्या नको पन, उद्या माझा तुळिंजचा बाजार आहे. बुधवारी आन.”

युजीन मोठ्याने हसला. मग काठावरचे बाकीचे हसले. एरॉलने सगळ्यांकडे पाहिलं. ही तीच माणसं होती, फेब्रुवारीत त्याच्या बोलण्यावर हसलेली. त्याने फावडं युजीनपुढे टाकलं आणि निघून गेला.

बुधवारी क्लेमेंटीन सकाळी सहालाच पाण्यात होती. डंपर आला नाही. ती वाट पाहत थांबली नव्हती, तिला काढायचं होतं. आठला युजीन आला, नऊला आणखी एका घरातून एक माणूस घमेलं घेऊन आला आणि जणू दरवर्षी येतो असा कामाला लागला. गुरुवारी अर्ज पाहणारे साहेब येऊन पंचनामा करून गेले. निकालापर्यंत भरणी करायची नाही, असं लिहून दिलं. तोवर कोपऱ्यातलं पाणी पुन्हा मोकळं झालेलं होतं. साहेबांनी विचारलं, भरणी कुठे आहे? तेव्हा शॅननला त्यांना कुंपणाजवळचे तीन ढीग दाखवावे लागले.

त्याच संध्याकाळी क्लेमेंटीन एरॉलच्या फाटकाशी गेली. तो ओट्यावर बसला होता. हातांना ज्युलीने पट्ट्या बांधल्या होत्या. आत ये असं तो म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही.

“कुंपनाजवळ विटा रचून ठेवल्यात,” ती म्हणाली. “अख्ख्या दीडशे निघाल्या. चांगल्या आहेत. तुझ्या लॉनला कामाला येतील, घेऊन जा.”

एरॉल पट्टीच्या गाठीशी चाळा करत होता.

“आणि लोकांच्या गाड्या कुठे लावू मी?”

“ते तुझं तू बघ, बाबा,” क्लेमेंटीन म्हणाली. आणि ज्युलीने आतून चहाला हाक मारली तेव्हा चपला काढून आत गेली.